लेप आणि निगा

प्रस्तावना

एखाद्या वस्तूचे मूळ अंग टिकावे म्हणून तिच्यावर दुसऱ्या पदार्थाचा पातळ थर द्यावा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून त्यांना आतून कथलाची कल्हई केली जाते. मातीची जमीन उखडू नये म्हणून ती सारवली जाते. लाकडी दाराला पावसाळ्यापूर्वी तेलपाणी केले जाते. या सर्व रीतींत एक समान सूत्र आहे. वरचा थर स्वतः झिजतो आणि खालच्या वस्तूला जपतो. म्हणूनच कल्हई पुनःपुन्हा करावी लागते आणि सारवण वरचेवर घालावे लागते.

गेल्या काही वर्षांत मोटारगाडीच्या रंगावर 'सिरॅमिक कोटिंग' नावाचा लेप देण्याची पद्धत आपल्या देशातील लहानमोठ्या शहरांत रूढ झाली आहे. हा लेप लावल्यावर गाडी कायम नवी राहते, तिच्यावर ओरखडा उठत नाही, ती धुवावीही लागत नाही, असे अनेकांना वाटते. यांतील खरे किती आणि ऐकीव किती, हे या पाठात आपण पाहणार आहोत. तुमच्यापैकी काहींच्या घरी गाडी असेल, काही जण गाड्यांची देखभाल करण्याचा व्यवसाय करीत असतील किंवा पुढे करतील. विकत घेणाऱ्याला आणि काम करणाऱ्याला, दोघांनाही हा विषय नीट समजणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• मोटारगाडीच्या रंगाचे थर कोणते, ते सांगता येईल;
• सिरॅमिक लेपाचे कार्य आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करता येतील;
• लेप लावलेल्या गाडीची निगा राखण्याची रीत क्रमाने लिहिता येईल;
• जाहिरातीची भाषा आणि माहितीची भाषा यांतील फरक ओळखता येईल;
• पाठात आलेल्या पारिभाषिक व परभाषीय शब्दांचा अर्थ सांगता येईल.

मूळ पाठ

१. रंग म्हणजे एक थर नव्हे

गाडीचा रंग पाहताना आपल्याला एकच पृष्ठभाग दिसतो. प्रत्यक्षात तेथे अनेक थर असतात. सर्वांत खाली पोलादाचा पत्रा असतो. त्याला गंज चढू नये म्हणून रासायनिक प्रक्रिया करून विजेच्या साहाय्याने एक संरक्षक थर बसवितात. त्यावर अस्तर, अस्तरावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' नावाचा पारदर्शक थर असतो. आपण ज्याला गाडीची चकाकी म्हणतो, ती या पारदर्शक थराची चकाकी होय.

हे सर्व थर मिळून किती जाड असतात? कारखान्यातून आलेल्या गाडीवर त्यांची एकूण जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यांपैकी वरचा पारदर्शक थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. उन्हातील अतिनील किरण, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक आणि चुकीच्या पद्धतीने पुसलेले फडके या सर्वांचा मारा याच थरावर होतो. तो निस्तेज झाला की यंत्राने घासून, म्हणजेच पॉलिश करून चकाकी परत आणता येते. परंतु पॉलिश करणे म्हणजे त्या थराचा अंशमात्र भाग खरवडून काढणे. हा थर जन्मभर पुरवावयाचा असल्याने पॉलिश जितके कमी करावे लागेल तितके बरे.

सिरॅमिक लेपाचा खरा उपयोग येथे आहे. पारदर्शक थरावर आणखी एक पातळ थर बसवून झीज त्या वरच्या थराने सोसावी, हा त्याचा हेतू असतो.

२. लेप कसा बसतो?

पूर्वीपासून गाड्यांना मेण लावण्याची पद्धत आहे. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण त्यासाठी प्रसिद्ध आहे. मेण रंगावर केवळ पसरते. उन्हाने आणि धुण्याने ते काही आठवड्यांत निघून जाते.

सिरॅमिक लेपाची गोष्ट वेगळी आहे. लहानशा कुपीत मिळणाऱ्या या द्रवात सिलिकॉनची संयुगे एका द्रावकात विरघळविलेली असतात. द्रव गाडीवर पसरला की द्रावक उडून जातो. उरलेली संयुगे हवेतील बाष्पाशी अभिक्रिया करतात, एकमेकांत गुंफली जातात आणि रंगाच्या पृष्ठभागाला घट्ट धरतात. असा जो थर तयार होतो, त्याचे स्वरूप काही अंशी काचेसारखे असते. वाळू आणि काच यांचा मुख्य घटक असलेल्या सिलिकॉन डायऑक्साइडशी त्याचे नाते आहे. त्यामुळेच त्याला सिरॅमिक हे नाव मिळाले. या थराची जाडी सामान्यतः एकदोन मायक्रॉनच, काही वेळा त्याहूनही कमी असते.

लेप लावण्यापूर्वीची तयारी लेपापेक्षाही महत्त्वाची असते. गाडी प्रथम स्वच्छ धुतात. ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोहकण विरघळविणारे द्रावण वापरून काढतात. नंतर विशिष्ट मातीसारखा मऊ गोळा ओल्या पृष्ठभागावर फिरवून चिकटलेला मळ उचलतात. ओरखडे असतील तर पॉलिश करतात आणि शेवटी अल्कोहोलयुक्त द्रावणाने तेलकटपणा पुसून काढतात. कारण उघड आहे. लेप पारदर्शक असल्यामुळे त्याच्या खाली जे राहील, ते तसेच दिसत राहील.

मग सावलीत, थंड पृष्ठभागावर, एका वेळी हातभर जागा घेऊन आडवा आणि उभा हात फिरवीत लेप लावतात. थोड्याच वेळात त्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसू लागते. त्याच सुमारास मऊ फडक्याने जादा द्रव पुसून पृष्ठभाग एकसारखा करावा लागतो. उशीर झाला तर तेथे डाग उमटतो आणि तो काढण्यासाठी पुन्हा पॉलिश करावे लागते. हवेतील बाष्पावर ही अभिक्रिया अवलंबून असल्याने पावसाळी दमट हवेत लेप लवकर घट्ट होऊ लागतो आणि पुसण्यास मिळणारा अवधी कमी होतो. किनारपट्टीवरील कारागिराला हे भान विशेष ठेवावे लागते. या द्रावकाच्या वाफा श्वासावाटे जाणे हितावह नसते. म्हणून हे काम खेळत्या हवेच्या जागी, हातमोजे व योग्य मुखपट्टी वापरूनच करावे.

लेप लावल्यावर पहिला दिवस गाडीला पाणी लागू द्यावयाचे नसते, आणि साधारण आठवडाभर ती साबणाने धुवावयाची नसते. नेमका अवधी प्रत्येक उत्पादकाच्या सूचनापत्रात दिलेला असतो. अपघातानंतर एखादा भाग नव्याने रंगविला असेल, तर तो रंग पूर्ण वाळण्यासाठी रंगाच्या उत्पादकाने सांगितलेला काळ जाऊ द्यावा, मगच त्यावर लेप द्यावा.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. गाडीच्या रंगाची चकाकी मुख्यतः ………… थरामुळे दिसते.
२. लेपातील संयुगे हवेतील ………… अभिक्रिया करतात.

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
लेप लावण्यापूर्वी ओरखडे का काढतात?

३. अळवावरचे पाणी

लेप लावलेल्या गाडीवर पाणी पडले की त्याचे मणी होतात आणि घरंगळून जातात. अळवाच्या किंवा कमळाच्या पानावर दिसणारे हेच दृश्य आहे. 'अळवावरचे पाणी' हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग याच निरीक्षणातून आला. जे टिकत नाही, ठरत नाही, ते अळवावरचे पाणी.

विज्ञानाच्या भाषेत थेंबाच्या कडेने पृष्ठभागाशी केलेल्या कोनाला स्पर्शकोन म्हणतात. हा कोन ९० अंशांहून अधिक असेल तर पृष्ठभाग जलविरोधी समजला जातो. सिरॅमिक लेपावर तो बहुधा १०० ते ११० अंशांच्या आसपास असतो. कमळाच्या पानावर मात्र तो १५० अंशांच्याही पुढे जातो. त्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे आवरण असते. त्यामुळे थेंब उंचवट्यांच्या टोकांवर तरंगल्यासारखा राहतो आणि घरंगळताना धुळीचे कण आपल्याबरोबर घेऊन जातो. जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनलेखात या गुणाचे सविस्तर विवेचन केले. पुढे तो 'लोटस इफेक्ट' या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला.

येथे एक फरक लक्षात घ्या. कमळाचे पान स्वतःला स्वच्छ करते. गाडीवरील लेप गुळगुळीत असतो, त्याच्यावर तसे उंचवटे नसतात. म्हणून पावसाचे पाणी त्यावरून निघून गेले तरी धूळ पुष्कळशी मागे राहते. लेप लावलेली गाडीही मळते. फरक एवढाच की तिचा मळ घट्ट धरून बसत नाही आणि थोड्या श्रमात निघतो.

आणखी एक अडचण आहे. पाण्याचे मणी घरंगळले नाहीत आणि उन्हात तेथेच वाळले, तर प्रत्येक मण्याच्या जागी पांढरे वर्तुळ उरते. आपल्या देशात अनेक ठिकाणी गाडी धुण्यासाठी कूपनलिकेचे पाणी वापरतात. ते पुष्कळदा दुष्फेन, म्हणजे बोलीभाषेत 'जड' असते. त्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पाणी उडून गेल्यावर मागे राहतात. चहाच्या पातेल्यात किंवा नळाच्या तोटीवर जो पांढरा थर धरतो, तोच हा. बऱ्याच काळाने हे डाग इतके घट्ट होतात की साध्या धुण्याने निघत नाहीत. जो गुण आपण कौतुकाने पाहतो, तोच निष्काळजीपणामुळे दोष ठरतो.

४. 'नऊ एच' म्हणजे काय?

या लेपांच्या जाहिरातीत 'नऊ एच काठिण्य' हे शब्द हमखास आढळतात. वाचणाऱ्याला वाटते की हे हिऱ्याच्या खालोखाल काठिण्य असावे. कारण खनिजांचे काठिण्य मोजण्याच्या मोह्स श्रेणीत हिरा दहाव्या स्थानी आहे. परंतु या दोन 'नऊं'चा एकमेकांशी संबंध नाही.

'नऊ एच' ही पेन्सिलीची प्रत आहे. चित्रकलेच्या पेन्सिली मऊ 'बी' पासून कठीण 'एच' पर्यंत क्रमवार असतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. रंगाची कसोटी घेताना ठरावीक कोनात आणि ठरावीक दाबाने एकेक पेन्सील पृष्ठभागावरून ओढतात. ज्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, तिची प्रत त्या पृष्ठभागाचे काठिण्य म्हणून नोंदवितात. नऊ एच ही त्या क्रमातील सर्वांत वरची पायरी. पण पेन्सिलीचे शिसे ग्रॅफाइट आणि मातीचे बनलेले असते. रस्त्यावरील धुळीत असणारी गारगोटी, म्हणजेच क्वार्ट्झ, मोह्स श्रेणीत सातव्या स्थानी आहे आणि ती कोणत्याही पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असते. पेन्सिलीला दाद न देणारा लेप वाळूच्या कणाला दाद देणार नाही, असे म्हणता येत नाही. त्यातून तो एकदोन मायक्रॉनचाच.

तात्पर्य, सिरॅमिक लेप हलक्या घर्षणाला काही प्रमाणात तोंड देतो. खडा उडाल्याने पडणारा टवका, किल्लीचा ओरखडा किंवा धूळभरल्या फडक्याने उमटणाऱ्या रेषा तो रोखू शकत नाही.

पाठगत प्रश्न २

योग्य पर्याय निवडा.
१. 'नऊ एच' ही प्रत कोणत्या कसोटीतील आहे?
(क) मोह्स श्रेणी (ख) पेन्सील कसोटी (ग) स्पर्शकोन (घ) तापमान
२. पांढरे डाग कशामुळे पडतात?
(क) उन्हाच्या किरणांमुळे (ख) लेपातील द्रावकामुळे (ग) दुष्फेन पाण्यातील क्षारांमुळे (घ) मेणामुळे

५. निगा राखण्याची रीत

आपल्या शहरांत पहाटेचे एक चित्र परिचयाचे आहे. गृहसंकुलाच्या आवारात एक सफाई कामगार एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात फडके घेऊन ओळीने उभ्या असलेल्या गाड्या पुसत जातो. पाणी एकाच बादलीतले, फडके एकच, गाड्या पंधरावीस. पहिल्या गाडीवरची धूळ फडक्यात बसते आणि दुसऱ्या गाडीवर घासली जाते. रंगावर उन्हात दिसणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोलाकार रेषा बहुतांशी अशाच उमटतात. यात त्या कामगाराला दोष देण्याचे कारण नाही. एका गाडीसाठी त्याला मिळणारा वेळ आणि मोबदला दोन्ही अल्प असतात, साधने मिळत नाहीत आणि योग्य रीत कोणी सांगितलेली नसते. लेपावर मोठी रक्कम खर्च करणारा मालक पुष्कळदा दुसऱ्या बादलीचा आणि चार फडक्यांचा खर्च मात्र टाळतो. अशा रोजच्या पुसण्याने महागडा लेपही काही महिन्यांत निस्तेज होतो.

लेप लावलेली गाडी धुण्याची योग्य रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. गाडी सावलीत उभी करावी. पत्रा गरम असेल तर तो थंड होऊ द्यावा. गरम पत्र्यावर पाणी आणि शांपू वाळून डाग पडतात.
२. आधी चाके धुवावीत. चाकांवर ब्रेकची लोहयुक्त धूळ असते. म्हणून त्यांचे फडके व ब्रश वेगळे ठेवावेत.
३. संपूर्ण गाडीवर भरपूर पाणी सोडून सुटी धूळ व चिखल वाहून जाऊ द्यावा. धूळ ओली होण्यापूर्वी फडके लावू नये.
४. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत शांपूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवून गाडीचा एक भाग धुवावा, मग तो साध्या पाण्यात खळबळून मळ सोडावा आणि नंतरच पुन्हा शांपूत बुडवावा.
५. टपापासून आरंभ करून खाली यावे. खालच्या भागावर खडी आणि चिखल अधिक असल्याने तो शेवटी घ्यावा. हात सरळ रेषेत फिरवावा, दाब देऊ नये.
६. पुन्हा पाणी सोडून शांपू पूर्ण काढावा आणि लगेच मोठ्या, जाड मायक्रोफायबरच्या पंचाने पाणी टिपून घ्यावे. पाणी आपोआप वाळू देऊ नये.

शांपू उदासीन, म्हणजे पीएच ७ च्या आसपासचा असावा. कपडे धुण्याची पावडर अल्कधर्मी असते. ती वरचेवर वापरल्याने लेपाचा जलविरोधी गुण लवकर कमी होतो. डांबराचे ठिपके काढण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरण्याची सवयही सोडावी, त्यासाठी मिळणारे द्रावण वापरावे. फिरत्या ब्रशांच्या स्वयंचलित धुलाईयंत्रात आधीच्या गाड्यांची वाळू ब्रशात अडकलेली असू शकते. म्हणून ते टाळावे. रंगासाठी वापरलेली मायक्रोफायबरची फडकी इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा रंगाला लावू नये, कारण वाळूचा एक कणही पुरेसा असतो.

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात ती रंगाला खात जाते. लेपामुळे आपल्याला थोडा अधिक वेळ मिळतो, परंतु अभय मिळत नाही. ओले फडके तीवर काही मिनिटे ठेवून ती मऊ करावी आणि न घासता उचलून घ्यावी. झाडाचा चीक आणि किडे यांनाही हेच लागू आहे.

जेथे पाण्याची टंचाई असते, तेथे विशिष्ट द्रावणाने बादलीभर पाण्यात गाडी स्वच्छ करण्याची पद्धत उपयोगी पडते. ओल्या फडक्याच्या एका घडीने एकदाच पुसायचे, मग घडी बदलायची, आणि एक फडके पूर्ण वापरले की दुसरे घ्यायचे, हा तिचा नियम. ती धुळीसाठी योग्य आहे, चिखलासाठी नाही. मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाईच्या काळात बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यासाठी वापरण्यास मनाई केली होती आणि ५,००० रुपयांचा दंड ठरविला होता. लेपामुळे मळ सहज सुटतो आणि धुण्याचे पाणी वाचविता येते, हा त्याचा एक खरा लाभ मानावा लागेल.

६. लेप संपला की मळला?

काही महिन्यांनी पाण्याचे मणी दिसेनासे होतात. अशा वेळी 'लेप निघून गेला' असा निष्कर्ष लगेच काढू नये. पुष्कळदा लेप जागेवर असतो. क्षार, धूर आणि तेलकट मळ यांचा सूक्ष्म पापुद्रा त्यावर धरलेला असतो. त्यासाठी गाडी नीट धुऊन क्षार काढणारा सौम्य आम्लधर्मी शांपू सूचनेप्रमाणे वापरावा आणि लोहकण विरघळविणारे द्रावण फवारावे. यानंतर मणी परत आले तर लेप केवळ मळला होता असे समजावे. नाही आले, तर तो झिजला आहे. टप आणि बॉनेट यांवर ऊन सर्वाधिक पडते, दारांच्या खालच्या भागावर खडी आणि चिखलाचा मारा होतो. या जागी लेप प्रथम झिजतो.

दर दोनतीन महिन्यांनी लेपाला पूरक अशी फवारणी करता येते. तिने जलविरोधी गुण ताजा होतो आणि खालच्या थराची झीज लांबते. पॉलिशची खरखरीत मलमे मात्र विनाकारण वापरू नयेत. त्यांनी ओरखड्याबरोबर लेपही निघतो. चांगली निगा राखल्यास लेप उत्पादनानुसार एक वर्षापासून काही वर्षांपर्यंत टिकतो. निगा न राखल्यास कुपीवर लिहिलेल्या वर्षांना अर्थ उरत नाही.

७. शब्दांची पारख

आता जाहिरातीतील काही शब्द पाहा. 'कायमस्वरूपी', 'ओरखडामुक्त', 'धुण्याची चिंता नको', 'काचेचे कवच'. हे शब्द मनात चित्र उभे करतात, पण मोजता येईल असे काही सांगत नाहीत. माहितीची भाषा वेगळी असते. 'धुलाई पंधरा दिवसांतून एकदा उदासीन शांपूने करावी', 'पहिले २४ तास पाणी लागू देऊ नये', अशी वाक्ये ती लिहिते. या वाक्यांची सत्यता तपासता येते, त्यांप्रमाणे वागता येते आणि फसवणूक झाल्यास त्यांच्या आधारे दादही मागता येते.

म्हणून लेप लावून घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. कोणते उत्पादन वापरणार? आधी पॉलिश करणार का, आणि रंगाची जाडी मोजणार का? हमीपत्रात नेमके काय समाविष्ट आहे? हमी टिकण्यासाठी किती वेळा तपासणीला यावे लागेल आणि त्याचे शुल्क किती? अपघातानंतर रंगविलेल्या भागाचे काय? 'पाच वर्षांची हमी' या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांतील अटी बहुधा असतात आणि हमी प्रत्यक्षात त्या अटींमध्येच असते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ या कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या केली आहे. अशा जाहिरातींवर कारवाई करण्यासाठी जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेचा क्रमांक १९१५ आहे. हे अधिकार जसे ग्राहकाचे, तसे प्रामाणिक कारागिराच्याही हिताचे आहेत. जो कारागीर 'हा लेप ओरखडे थांबवीत नाही, धुणे सोपे करतो' असे आधीच स्पष्ट सांगतो, त्याच्याकडे ग्राहक तक्रार घेऊन येत नाही, पुन्हा काम घेऊन येतो.

कल्हई केलेले भांडे वाळूने घासू नये, हे घरातील वडीलधारी माणसे सांगत असत. भांड्याचे मोल त्यांना कळत होते आणि कल्हईची मर्यादाही कळत होती. नव्या काळातील नव्या लेपांकडेही याच दृष्टीने पाहावे. लेप विकत घेता येतो, निगा मात्र राखावीच लागते.

पाठगत प्रश्न ३

चूक की बरोबर ते लिहा.
१. पाण्याचे मणी दिसेनासे झाले म्हणजे लेप निश्चित संपला.
२. गाडी धुताना खालचा भाग शेवटी धुवावा.
३. हमीपत्रातील अटी वाचणे ग्राहकाच्या हिताचे असते.

भाषाभ्यास

१. शब्दांचा प्रवास : या पाठातील काही शब्द दुरून आले आहेत. 'बादली' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला, तर 'कल्हई' हा अरबी-फारसीतून. 'शांपू' या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. दाबणे, रगडणे या अर्थाच्या हिंदीतील 'चांपना' या क्रियापदावरून तो इंग्रजीत गेला आणि तेथून नव्या अर्थाने आपल्याकडे परत आला.

२. पारिभाषिक शब्द : 'दुष्फेन' म्हणजे ज्यात साबणाला सहज फेस येत नाही असे पाणी. 'फेन' म्हणजे फेस आणि 'दुस्' हा उपसर्ग 'कठीण, वाईट' या अर्थाचा. याच्या उलट 'सुफेन'.

३. शब्दार्थ :
कळकणे – तांब्यापितळेच्या संपर्काने अन्न बिघडणे
द्रावक – दुसरा पदार्थ विरघळविणारा द्रव
पापुद्रा – अतिशय पातळ थर
दाद न देणे – न जुमानणे
दाद मागणे – न्यायासाठी तक्रार करणे
टवका – उडालेला लहान तुकडा

'दाद न देणे' आणि 'दाद मागणे' यांतील 'दाद' या शब्दाचा अर्थ कसा बदलतो, ते पाहा व दोहोंचा वाक्यांत उपयोग करा.

आपण काय शिकलो?

• गाडीच्या रंगाचा वरचा पारदर्शक थर मर्यादित जाडीचा असतो. त्याची झीज कमी करणे हा लेपाचा हेतू आहे.
• लेप पाणी व मळ यांना घट्ट बसू देत नाही, परंतु ओरखडे, टवके आणि दुष्फेन पाण्याचे डाग पूर्णपणे रोखत नाही.
• दोन बादल्या, स्वच्छ फडकी, उदासीन शांपू आणि वेळेवर पाणी टिपणे, यांवर लेपाचे आयुष्य अवलंबून असते.
• जाहिरातीतील शब्द मोजता येतात का, हे पाहून त्यांची पारख करावी.

पाठान्त प्रश्न

१. कल्हई आणि सिरॅमिक लेप यांतील साम्य तुमच्या शब्दांत लिहा.
२. कमळाचे पान आणि लेप लावलेला पृष्ठभाग यांतील फरक स्पष्ट करा.
३. 'लेप विकत घेता येतो, निगा मात्र राखावीच लागते' या विधानाची चर्चा आठ ते दहा ओळींत करा.
४. तुमच्या गृहसंकुलातील किंवा परिसरातील सफाई कामगारासाठी गाडी धुण्याच्या सहा सोप्या सूचना तयार करा. सूचनांची भाषा आदराची असावी.
५. वर्तमानपत्रातील कोणतीही एक जाहिरात घ्या. तिच्यातील मोजता येणारी आणि न मोजता येणारी विधाने वेगळी करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. पारदर्शक २. बाष्पाशी (आ) लेप पारदर्शक असल्याने त्याखाली राहिलेले ओरखडे तसेच दिसत राहतात, म्हणून ते आधी काढतात.
प्रश्न २ : १. (ख) २. (ग)
प्रश्न ३ : १. चूक २. बरोबर ३. बरोबर